'जळाले' आणि 'उभे राहिले' : लंडनच्या आगीच्या आख्यानातील कर्ता

१

आगीत नष्ट झालेल्या आणि नंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरांविषयीचे लेखन वाचताना एक घाट वारंवार भेटतो. शहर जळते, काही काळ राख दिसते आणि मग त्याच जागी पूर्वीपेक्षा रुंद रस्त्यांचे, विटादगडांचे, देखणे शहर उभे राहते. हा घाट इतका परिचित झाला आहे की तो मूलतः कथनाचा घाट आहे, घटनेने तो जसाच्या तसा दिलेला नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 'राखेतून उठणारा फिनिक्स' ही प्रतिमा मराठी भाषणांतून आणि अग्रलेखांतून अशी रुळली आहे की तो पक्षी मुळात परका आहे याचीही आठवण राहिलेली नाही.

या घाटाची भाषिक बाजू मराठीत विशेष स्पष्टपणे दिसते. 'शहर जळाले' आणि 'शहर उभे राहिले' ही दोन्ही वाक्ये अकर्मक क्रियापदांची आहेत आणि दोन्हींत व्याकरणदृष्ट्या शहर हाच कर्ता आहे. 'जाळले' आणि 'बांधले' अशी सकर्मक रूपे योजली की 'कोणी?' हा प्रश्न आपोआप पुढे येतो. 'जळाले' आणि 'उभे राहिले' या रूपांत तो उद्भवतच नाही. शिवाय दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असल्यामुळे, जे जळाले तेच उभे राहिले, असा निष्कर्ष वाचकाच्या नकळत त्याच्या पदरात पडतो. फिनिक्सच्या प्रतिमेचे सामर्थ्य आणि तिची लबाडी या दोहोंचे मूळ येथेच आहे. जळणारा पक्षी आणि राखेतून उठणारा पक्षी एकच असतो, अशी या मिथकाची अटच आहे. शहराच्या बाबतीत ही अट पाळली जातेच असे नाही.

प्रस्तुत लेखात १६६६च्या लंडनच्या आगीभोवती निर्माण झालेल्या काही संहितांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या संहितांमध्ये कर्त्याचा प्रश्न दोन प्रकारे विचारला गेला. 'आग कोणी लावली?' हा पहिला प्रकार आणि 'नुकसान कोणी सोसायचे?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने एका माणसाचा बळी घेतला. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर शहराची पुनर्रचना शक्य झाली. तथापि वाङ्मयाने आणि स्मारकांनी पहिला प्रश्न लक्षात ठेवला, आणि दुसरा दप्तरखान्यात पडून राहिला. असे का झाले, हा समीक्षेचा प्रश्न आहे असे मला वाटते.

२

घटनेची रूपरेषा थोडक्यात अशी. रविवार, २ सप्टेंबर १६६६ रोजी पहाटे पुडिंग लेन या गल्लीतील टॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या घरी आग लागली. उन्हाळा कोरडा गेलेला होता, घरे लाकडी व एकमेकांवर झुकलेली होती आणि पूर्वेकडून जोराचा वारा वाहत होता. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे, ८७ पॅरिश चर्चे, जुने सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि रॉयल एक्स्चेंज यांची राख झाली. नोंदलेले मृत्यू अगदी थोडे आहेत. त्यांतला पहिला फॅरिनरच्या मोलकरणीचा. घरातली माणसे छपरावरून शेजारच्या घरात गेली. तिला तो धीर झाला नाही. तिचे नाव नोंदीत नाही.

या घटनेला पहिले मोठे काव्यरूप दिले ते जॉन ड्रायडन याने. 'अॅनस मिराबिलिस', म्हणजे 'आश्चर्यांचे वर्ष', हे ३०४ चतुष्पद्यांचे त्याचे काव्य १६६७च्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यात डचांबरोबरचे आरमारी युद्ध आणि लंडनची आग असे दोन विषय आहेत. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. ड्रायडनने ही आग पाहिलेली नव्हती. १६६५च्या प्लेगमुळे तो लंडन सोडून विल्टशरमधील चार्लटन येथे सासऱ्यांच्या वाड्यात राहिला होता आणि हे काव्य त्याने तेथेच लिहिले. प्रत्यक्षदर्शी नसणे हा काव्याचा दोष ठरत नाही. परंतु न पाहिलेल्या आगीला आकार देण्यासाठी कवीला परंपरेने तयार ठेवलेले आकारच हाताशी घ्यावे लागले, एवढे त्यावरून समजते.

हे आकार कोणते? ड्रायडनची आग ही एक व्यक्ती आहे. ती हीन कुळात, अंधाऱ्या गल्लीत जन्मते, हळूहळू बळ मिळवते आणि शेवटी सत्ता बळकावते. राजेशाहीची पुनःस्थापना होऊन त्या वेळी अवघी सहा वर्षे झाली होती. राज्य बळकावणाऱ्या क्रॉमवेलची छाया या रूपकात समकालीन वाचकाला सहज दिसली असणार. पुढे राजा देवाची करुणा भाकतो आणि देव, मेणबत्तीवर टोपण ठेवावे त्याप्रमाणे, स्फटिकाच्या पोकळ पिरॅमिडाने आग विझवतो. अखेरीस कवीला ज्वाळांतून एक नवे शहर प्रकट होताना दिसते : चांदीने मढवलेले, सोन्याने झळकणारे, साऱ्या जगाचा व्यापार आपल्याकडे ओढून घेणारे. हे काव्य त्याने लंडन महानगरालाच अर्पण केले आहे आणि त्या अर्पणपत्रिकेत राखेतल्या फिनिक्सची उपमा आहे.

या सर्वांतील कालक्रम पाहण्यासारखा आहे. अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा पुनर्रचनेचा कायदाही संमत झालेला नव्हता आणि जळालेल्या जागा मोजूनही झालेल्या नव्हत्या. म्हणजे शहर उभे राहण्याच्या आधी त्याच्या उभे राहण्याचे आख्यान सिद्ध झाले होते. ड्रायडनवर याबद्दल ठपका ठेवण्याचे कारण नाही. प्रशस्तिकाव्याचा धर्मच आश्वासन देण्याचा असतो. प्लेग, युद्ध आणि आग यांनी खचलेल्या नगराला, विशेषतः राजाविरुद्धच्या यादवीत संसदेच्या बाजूने उभे राहिलेल्या नगराला, राजनिष्ठेच्या चौकटीत धीर देणे हे त्या काव्याचे प्रयोजन होते. १६६८मध्ये ड्रायडन राजकवी झाला. आक्षेप आहे तो नंतरच्या वाचनपद्धतीला. भविष्यकथन म्हणून लिहिलेला घाट पुढे इतिहास म्हणून वाचला गेला, आणि त्या वाचनात चांदीसोन्याचा खर्च कोणाच्या खिशातून झाला हा प्रश्न कोणी विचारला नाही.

३

ड्रायडनच्या शेजारी सॅम्युएल पीप्सची रोजनिशी ठेवून पाहिली म्हणजे फरक कळतो. आरमार खात्यातील हा अधिकारी सीदिंग लेनमध्ये, आगीपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी राहत होता. रविवारी तो होडीतून आग पाहण्यास निघाला, राजवाड्यात जाऊन त्याने राजाला वृत्तांत सांगितला आणि घरे पाडण्याचा राजाचा हुकूम घेऊन तो महापौराकडे आला. महापौर गळ्याभोवती रुमाल गुंडाळून, थकून गेलेल्या अवस्थेत त्याला भेटला. लोक आपले ऐकत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. नदीत सामानाने भरलेल्या होड्या होत्या आणि त्यांतल्या दर तिसऱ्या होडीत व्हर्जिनल नावाचे वाद्य असल्याचे पीप्सने टिपले आहे. आपले चीज आणि मद्य त्याने स्वतः खड्ड्यात पुरून ठेवले. गरीब माणसे आग दाराशी येईपर्यंत घर सोडत नव्हती आणि पारवेही त्याचप्रमाणे खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिले. त्यांतले काही पंख जळून खाली पडले, असे तो लिहितो.

फिनिक्स आणि पारवा या दोन पक्ष्यांमध्ये वाङ्मयप्रकारांचे अंतर सामावलेले आहे. फिनिक्सला घर नसते, चिता असते. पारव्याला खिडकी असते आणि ती सोडवत नाही म्हणून तो जळतो. पीप्सला या दृश्यातून काही सिद्ध करावयाचे नव्हते. ही रोजनिशी लघुलिपीत, कोणाच्या वाचनासाठी न लिहिलेली होती. तिच्यात आश्वासनाची जबाबदारी नाही. म्हणूनच तिला शेवटही नाही. १६६७च्या फेब्रुवारीअखेर, म्हणजे आगीला सहा महिने होत आले असता, काही तळघरांतून अद्याप धूर निघत असल्याचे आणि रात्री आगीच्या भयाने आपल्याला झोप लागत नसल्याचे तो नोंदवतो. ड्रायडनचे काव्य तोवर छापून झाले होते. त्यात सुवर्णनगरी उभी होती. पीप्सच्या रोजनिशीत धूर होता.

जॉन एव्हलिनची रोजनिशी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. त्याला जळते शहर पाहून सॉडम आणि ट्रॉय आठवतात. म्हणजे अभिजात शिक्षणाने दिलेले आकार त्याच्याही हाती आहेत. परंतु इझलिंग्टन आणि हायगेटच्या माळावर, उरल्यासुरल्या सामानापाशी पडलेली हजारो माणसे पाहताना, उपासमारीच्या टोकाला येऊनही यांतले कोणी एक पेनीदेखील मागत नाही, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. हे वाक्य कोणत्याही आदिबंधात बसणारे नाही. ते एव्हलिनने पाहिलेले आहे.

येथे प्रकाशनाचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. ड्रायडनचे काव्य १६६७मध्ये वाचकांच्या हाती होते. एव्हलिनची रोजनिशी १८१८मध्ये आणि पीप्सची, तीही संक्षिप्त रूपात, १८२५मध्ये प्रसिद्ध झाली. पीप्सची संपूर्ण संहिता तर १९७० ते १९८३ या काळात छापली गेली. म्हणजे ज्याने आग पाहिली नाही त्याचे आख्यान तत्काळ उपलब्ध झाले आणि ज्यांनी पाहिली त्यांचे दीडशे वर्षांनी. तोवर घाट पक्का झाला होता. त्यामुळे या रोजनिशा त्या घाटात रंग भरणारे तपशील म्हणून वाचल्या गेल्या. त्या त्याला छेद देऊ शकतात हे दुर्लक्षिले गेले.

४

आग विझल्यानंतर लगेच आणखी एका प्रकारच्या संहिता निर्माण झाल्या : नवनगराचे आराखडे. क्रिस्टोफर रेनने ११ सप्टेंबरला आणि एव्हलिनने त्यानंतर दोनच दिवसांनी आपला नकाशा राजाला सादर केला. जमीन अजून तापलेली होती. रॉबर्ट हूक, रिचर्ड न्यूकोर्ट, व्हॅलेंटाइन नाइट यांनीही आराखडे दिले. पुनर्रचनेतून राजाला कायमचे उत्पन्न मिळेल असे सुचवल्याबद्दल नाइटला अटक झाली. आपत्तीतून नफा काढतो असे दिसणे राजाला परवडणारे नव्हते. रेनचा आराखडा सरळ व्यापक रस्त्यांचा, गोल चौकांचा आणि दूरवर दिसणाऱ्या वास्तूंचा होता. पुढे अशी कथा रूढ झाली की हा उदात्त आराखडा मान्य झाला होता, पण नागरिकांच्या हटवादी स्वार्थामुळे तो वाया गेला. या कथेचा उगम रेन घराण्याच्याच 'पॅरेंटेलिया' (१७५०) या ग्रंथात आहे. टी. एफ. रेडवे यांच्या १९४०च्या संशोधनानंतर ती टिकत नाही. आराखडा मागे पडला तो जागांच्या मोजणीमुळे आणि पैशाच्या अभावामुळे. राखेच्या खाली प्रत्येक वितीला मालक होता, मालकाखाली भाडेकरू होता आणि त्याच्याखाली पोटभाडेकरू. कागद कोरा होता. जमीन कोरी नव्हती.

या गुंत्याचा विचार करणारी संहिता म्हणजे अग्नि-न्यायालयाचे निवाडे. त्या काळच्या भाडेपट्ट्यांत सामान्यतः घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी भाडेकरूवर असे आणि घर जळाले तरी भाडे देणे त्याला चुकत नसे. कायद्याचे अक्षर पाळले असते तर घरही गेले, दुकानही गेले अशा माणसाने घर पुन्हा बांधूनही द्यायचे आणि नसलेल्या घराचे भाडेही भरायचे, असा प्रसंग होता. अशा स्थितीत कोणीच बांधणार नव्हते. १६६७च्या फेब्रुवारीत संसदेने स्वतंत्र न्यायालय स्थापन केले. त्याच महिन्याच्या अखेरीस ते क्लिफर्ड्स इन येथे बसू लागले. त्याचे काम कोणत्याही तीन न्यायाधीशांना चालवता येई, नेहमीच्या कज्ज्यांतील औपचारिकता बाजूला ठेवता येई, आणि न्यायाधीशांनी मानधन घेतले नाही. भाडे कमी करण्याचा, जुना पट्टा मोडण्याचा आणि जो बांधील त्याला चाळीस वर्षांपर्यंत मुदत वाढवून देण्याचा अधिकार त्यांना होता. काही वर्षांत या न्यायालयाने सुमारे दीड हजार निवाडे दिले.

हे निवाडे एका ठरावीक साच्यात लिहिलेले आहेत. अर्जदार कोण, त्याच्या पट्ट्याची किती वर्षे उरली, भाडे किती, घरावर त्याने पूर्वी किती खर्च केला, तो बांधण्यास तयार आहे का आणि कोणत्या अटीवर. मग मालकाचे म्हणणे. मग न्यायालयाचा हुकूम. भाषा रुक्ष आहे. तरीही या साच्यात एक गोष्ट घडते जी ड्रायडनच्या चतुष्पद्यांत घडत नाही आणि रेनच्या नकाशात घडू शकत नाही. येथे प्रत्येक वाक्याला कर्ता लागतो. 'घर उभे राहावे' असे निवाड्यात लिहिता येत नाही; अमक्या विधवेने ते बांधावे, अमक्या संस्थेने भाड्यात इतकी सूट द्यावी, पट्टा इतकी वर्षे वाढवावा, असेच लिहावे लागते. विनाशाची किंमत ही एक संख्या आहे आणि ती कोणातरी दोघातिघांत वाटायची आहे, हे गृहीत धरूनच ही संहिता सुरू होते. तत्त्व साधे होते : ज्याला सोसवेल त्याने सोसावे आणि जो बांधील त्याला त्याचे फळ मिळावे. पुनर्रचनेच्या कायद्याने घरांचे चार प्रकार, मजल्यांची संख्या आणि विटादगडांची सक्ती ठरवून दिली, कोळशावर कर बसवला आणि शहराबाहेरच्या कारागिरांना काम करण्याची मोकळीक दिली. परंतु ही सक्ती अमलात आली ती क्लिफर्ड्स इनमध्ये आधी खर्चाची वाटणी झाल्यामुळे.

या निवाड्यांनी सारा अन्याय दूर झाला असे म्हणण्याचा हेतू नाही. ज्याच्याकडे पट्टा होता तोच या न्यायालयाच्या दारात उभा राहू शकत होता. खोलीभाड्याने राहणारे, नोकर, शिकाऊ कारागीर, बोलीवर जागा धरून बसलेले यांना या संहितेत वाक्य नाही. ते फक्त पीप्सच्या होड्यांत आणि एव्हलिनच्या माळावर दिसतात. जळालेल्या १३,२०० घरांच्या जागी सुमारे ९,००० घरेच पुन्हा उभी राहिली. नवी घरे मोठी होती, रस्ते रुंद झाले होते. आणि माळावर गेलेल्यांपैकी सगळेच परतले नाहीत. फिनिक्सच्या मिथकातील 'तोच पक्षी' ही अट येथे मोडते. म्हणून दप्तराला काव्याच्या जागी बसवून समीक्षेचे काम संपत नाही. काव्य, रोजनिशी आणि निवाडा यांतले प्रत्येक रूप काही कर्त्यांना जागा देते आणि काहींना वगळते. ते कोणाला वगळते हे दुसऱ्या रूपाशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

हे निवाडे सारांशरूपाने छापले गेले ते १९६६ आणि १९७०मध्ये, फिलिप जोन्स यांच्या संपादनाखाली. आगीला तोवर तीनशे वर्षे झाली होती.

५

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आग लागताच, ती कोणी लावली, याची चर्चा सुरू झाली. युद्ध डचांशी आणि फ्रेंचांशी चालले होते. कॅथलिकांविषयीचा संशय जुनाच होता. परदेशी माणसांना रस्त्यात मारहाण झाली. रॉबेर ह्युबेर नावाच्या एका तरुण फ्रेंच माणसाने आग आपणच लावली, असा जबाब दिला. त्याचे बोलणे विसंगत होते आणि तो मनाने स्थिर नसावा असे न्यायाधीशांनाही वाटत होते. तरीही १६६६च्या ऑक्टोबरअखेर त्याला फाशी दिले गेले. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत फॅरिनर कुटुंबातील माणसे होती. आग लागली तेव्हा ह्युबेर लंडनमध्ये पोचलाही नव्हता, हे त्याला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाच्या सांगण्यावरून नंतर स्पष्ट झाले. राजाच्या मंडळाने अखेर जी कारणे मान्य केली ती ईश्वरी कोप, जोराचा वारा आणि कोरडा हंगाम अशी होती. त्यांत मनुष्य कर्ता नव्हता.

कर्ता नसलेले वाक्य समाजाला सहन होत नाही, याचे ह्युबेर हे उदाहरण आहे. वर मी 'कोणी?' हा प्रश्न टाळणाऱ्या अकर्मक क्रियापदांवर आक्षेप घेतला. तो आक्षेप येथे मर्यादित करावा लागतो. 'जळाले' ऐवजी 'जाळले' म्हणणे हे प्रत्येक वेळी अधिक सत्य असते असे नाही. काही वेळा ते फाशीचे वाक्य असते. भेद करावयाचा तो प्रश्नांच्या दिशेत. एक प्रश्न मागे वळून अपराधी शोधतो, दुसरा पुढे पाहून भार वाटतो. पहिल्याला एक नाव पुरते. दुसऱ्याला दीड हजार निवाडे लागले.

स्मारकांनी कोणता प्रश्न निवडला? १६७१ ते १६७७ या काळात रेन आणि हूक यांनी बांधलेला २०२ फूट उंचीचा स्तंभ आगीच्या उगमस्थानापासून तितक्याच अंतरावर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी सिबर या शिल्पकाराचे उत्थित शिल्प आहे. त्यात लंडन ही खचून बसलेली स्त्री आहे आणि रोमन वेषातला चार्ल्स राजा तिला साहाय्य देववतो आहे. न्यायाधीश, भाडेकरू, कोळशावर कर देणारा ग्राहक यांना त्या शिल्पात स्थान नाही. १६८१मध्ये त्या स्तंभावरील लेखात कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला गेला. कॅथलिक राजा आल्यावर तो काढला गेला, १६८९मध्ये पुन्हा कोरला गेला आणि १८३०मध्ये कायमचा पुसला गेला. अलेक्झांडर पोप या कॅथलिक कवीने १७३३मध्ये हा स्तंभ खोटे बोलतो असे आपल्या काव्यात म्हटले, तेव्हा तो मजकूर दगडावर होता. दीडशे वर्षे या शहराने अपराध्याचे नाव गिरवले. अग्नि-न्यायालयाच्या न्यायाधीशांची चित्रे मात्र नगरपालिकेने गिल्डहॉलमध्ये लावली होती, हे नोंदवले पाहिजे. त्या काळच्या नागरिकांना आपले शहर कोणी उभे केले हे ठाऊक होते. विसरले ते नंतरचे वाचक.

सेंट पॉल्सविषयी एक कथा 'पॅरेंटेलिया'त आहे. नव्या कॅथीड्रलच्या घुमटाचे मध्यस्थान निश्चित करताना रेनने एका मजुराला खुणेसाठी कोणतातरी सपाट दगड आणायला सांगितले. त्याने ढिगाऱ्यातून आणलेला दगड एका थडग्याचा तुकडा होता आणि त्यावर 'मी पुन्हा उठेन' या अर्थाचा एकच लॅटिन शब्द उरला होता. आज दक्षिणद्वारावर तो शब्द कोरलेला आहे आणि त्याच्या वर सिबरने घडवलेला फिनिक्स आहे. कथा खरी असो वा रचलेली, तिचा अर्थ रचणाऱ्याच्या हेतूपलीकडे जातो. थडग्यावर तो शब्द एका माणसाने आपल्यापुरता उच्चारलेला होता. तेथे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी होते आणि बोलणारा मातीखाली होता. द्वारावर गेल्यावर त्याचा कर्ता बदलला. 'मी' म्हणणारे आता शहर आहे, आणि ज्याचा दगड होता त्याचे नाव फुटलेल्या भागाबरोबर गेले.

६

हे सर्व मराठी वाचकाला लंडनपुरतेच वाटू नये. आग आणि निर्मिती यांचा संबंध कथन करणारी एक अतिशय गुंतागुंतीची संहिता आपल्या परंपरेत आहे : महाभारतातील खांडवदहन. तेथे जळते ते अरण्य आहे, नगर नव्हे. इंद्रप्रस्थ आधीच वसलेले आहे. पण या आगीतून मयसभा निर्माण होते आणि ती निर्माण करणारा मय हा त्या आगीतून वाचलेल्या मोजक्या जीवांपैकी एक आहे. म्हणजे महाभारताने बांधणाऱ्याला नाव दिले आहे, जाळणाऱ्यांना नावे दिली आहेत आणि वाचलेल्यांची यादी दिली आहे : मय, तक्षकाचा पुत्र अश्वसेन आणि चार शार्ङ्गक पक्षी. त्या पिलांना तर स्वतंत्र उपाख्यान आहे. पंख न फुटलेल्या पोरांना सोडून कसे जावे या जरितेच्या विलापासह. त्यांच्या वाचण्यात कोणताही फिनिक्स नाही. शिवाय या आगीचा हिशेब सभापर्वात मिटत नाही. त्या दिवशी खांडवात नसल्यामुळे वाचलेला तक्षक पुढे परीक्षिताला दंश करतो. कथा त्याला शापाचे कारण देते हे खरे. तरी ज्या सर्पसत्रात हे सारे आख्यान सांगितले जात आहे ते तक्षकासाठीच पेटवलेले आहे, ही कथनरचना निव्वळ योगायोगाची मानणे कठीण आहे.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील 'मयसभा' या लेखात या आगीकडे जमीन मिळवण्यासाठी केलेला संहार म्हणून पाहिले. पराक्रमाच्या वर्णनाखालून जळालेल्यांची बाजू वर आणणारे हे वाचन मराठीत १९६७ पासून उपलब्ध आहे. त्यावर चर्चा झाली ती मुख्यतः कृष्णार्जुनांच्या नीतीविषयी. त्यात एक वाचनपद्धती आहे, आणि ती वैभवाच्या कोणत्याही आख्यानाला लावता येते, ही बाजू आपल्या समीक्षेने पुरेशी उचलली नाही.

ती लावण्याची जागा दूर नाही. मुंबईच्या किल्ल्यात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग नष्ट झाला. मुंबईविषयीच्या पुस्तकांत ही घटना बहुधा एका वाक्यात येते : आगीनंतर वस्ती कोटाबाहेर वाढली. 'वाढली' हेही अकर्मक क्रियापद आहे. कोण बाहेर गेले, कोणाला आत पुन्हा बांधता आले, जागेचा कज्जा कोणापुढे चालला, हे त्या वाक्याला विचारता येत नाही. आजच्या बोलीत तर याहून मासलेवाईक प्रयोग रुळला आहे. 'आमची चाळ पुनर्विकासाला गेली' असे आपण सहज म्हणतो. चाळ जणू आपल्या पायांनी गेली. पागडीच्या घरात दोन पिढ्या काढलेल्या माणसाला, दुरुस्ती कोणी करायची आणि भाडे कोणी द्यायचे हा क्लिफर्ड्स इनमधला प्रश्न नवा नाही. त्याच्या घरात त्यासंबंधीच्या कागदांची पिशवी असते. मराठी नगरकादंबरीत आणि कवितेत चाळीचे स्मरणरंजन पुष्कळ आहे आणि मनोऱ्यांविषयीचा विषादही आहे. त्या पिशवीतल्या कागदांची भाषा मात्र साहित्यात फारशी उतरलेली नाही, आणि ती भाषा वाचण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावलेली नाही.

नगरसाहित्याच्या अध्यापनात काव्य आणि कादंबरी यांच्याबरोबर करारनामे, निवाडे, मोजणीची टिपणे यांना संहिता म्हणून स्थान असावे, अशी सूचना यातून निघते. ती करताना साहित्याचे क्षेत्र विस्कळीत होईल, दस्तऐवजाला नसलेली वाङ्मयीनता चिकटवली जाईल, असा आक्षेप येईल. तो गैरलागू नाही. निवाडा वाचून कोणाला रसास्वाद मिळणार नाही. परंतु ड्रायडनच्या सुवर्णनगरीचा आस्वाद घेताना, तिची किंमत चुकवणारी माणसे त्या सुंदर वाक्यांतून कोणत्या व्याकरणाने वगळली गेली, हे समजण्यासाठी निवाड्यातले कुरूप वाक्य शेजारी असावे लागते. ज्या निवाड्यांनी भाडेकरू विधवेला कर्ता केले त्यांतही फॅरिनरच्या मोलकरणीला जागा नव्हती. तिच्यासाठी तिसरी संहिता शोधावी लागेल. आणि ती सापडली नाही, तर तिची जागा रिकामी आहे एवढे तरी वाचनात दिसले पाहिजे.